चॅटमधला मेसेज थेट कामाच्या यादीत

प्रश्न : आमची चर्चा स्लॅकवर चालते, कामं ट्रेलोवर असतात. झॅपियर या अॅप जोडणाऱ्या सेवेने दोन्ही जोडलं, तर प्रत्येक मेसेजचं ट्रेलोवर कार्ड (कामाची नोंद) बनतंय. शिवाय ‘नवं कार्ड बनलं’ अशी सूचना चॅनेलवर आली, की तिचंही कार्ड! काय करावं?

उत्तर : ट्रिगर, म्हणजे ज्या घटनेवरून कार्ड बनतं ती, बदला. ‘चॅनेलवर नवा मेसेज’ काढून ‘नवी रिअ‍ॅक्शन’ घ्या आणि त्यात मेसेजला लावायचा एकच इमोजी ठरवा, समजा टाचणीचा. मग टाचणी लावलेल्याच मेसेजचं कार्ड होईल. काम कोणतं हे माणसाने ठरवावं, हेच आम्हाला योग्य वाटतं.

कार्डाच्या वर्णनात मेसेजचा मजकूर आणि त्याची लिंक, दोन्ही टाका. लिंक नसेल तर आठवड्याभराने संदर्भ सापडत नाही.

सूचनांची कार्डं हे चक्र आहे : कार्ड बनलं की मेसेज, मेसेज आला की कार्ड. नव्या ट्रिगरने ते तुटेल. तरीही सूचना वेगळ्या चॅनेलवर पाठवा. जुनाच ट्रिगर हवा असेल, तर बॉटच्या, म्हणजे माणसाने नव्हे तर अॅपने आपोआप टाकलेल्या, मेसेजवर तो चालू न होण्याचा पर्याय निवडा.

एक धोका मात्र उरतो. दोघांनी तीच टाचणी लावली, तर कार्डंही दोन होतात. म्हणून टाचणी लावायचं काम एकाकडेच द्या आणि ट्रिगरमध्ये त्याचंच नाव निवडा.

खासगी चॅनेलवर काहीच घडत नसेल, तर आधी तिथे झॅपियरला आमंत्रण दिलंय का ते बघा.