कुरडया आषाढात का करत नाहीत

प्रिय विद्यार्थिनीस,

मेल मिळाला. मे महिन्यात स्टार्चची (प्लास्टिकसारखी पातळ) फिल्म काचेसारखी आली आणि त्याच कृतीने जुलैत केलेली धुरकट दिसते नि बोटाला डकते, म्हणून फिल्म लवचीक करायला घातलेलं ग्लिसरॉल कमी करू का, असं विचारतेस. इतक्यात नको. कृती तीच असेल तर आधी हवेकडे बघ.

तुझ्या आजीला विचार, कुरडया आषाढात का करत नाहीत. दमट हवेत त्या वाळत नाहीत, असंच सांगेल. गव्हाचा चीक शिजवताना ती पातेल्यात बघत असते आणि पांढरा चीक पारदर्शक झाला की ‘शिजला’ म्हणते. ते जिलेटिनायझेशनच, म्हणजे स्टार्चचे दाणे गरम पाण्यात फुगून त्यांची आतली रचना मोडणं! तुझ्या मक्याच्या स्टार्चचं ते साधारण ६२ ते ७२ अंशांदरम्यान होतं. कच्चा दाणा आडव्या-उभ्या पोलरायझरच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांच्या) मध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिलास तर त्यावर लख्ख फुली दिसते. शिजला की फुली जाते. तुझ्या धुरकट फिल्ममध्ये फुल्या सापडल्या, तर दोष शिजवण्यात आहे आणि मग आर्द्रतेला बोल लावता येणार नाही. पोलरायझर म्हणून पोलरॉइडच्या पातळ पत्र्याचे दोन तुकडे पुरतात, एवढ्यासाठी मोठ्या यंत्राची रांग धरू नकोस.

स्टार्च आणि ग्लिसरॉल, दोघंही पाण्याचे लोभी. पावसाळी हवेतलं पाणी फिल्ममध्ये शिरतं आणि तेही ग्लिसरॉलसारखंच स्टार्चच्या रेणूंच्या लांब साखळ्या सैल करतं. म्हणून ताकद मोजण्याआधी फिल्म डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात) मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त, म्हणजे आणखी क्षार विरघळणार नाही अशा, द्रावणाच्या वर ४८ तास ठेव. २५ अंशांना तिथे सुमारे ५३ टक्के आर्द्रता मिळते. नाहीतर मे आणि जुलैच्या आकड्यांची तुलना म्हणजे दोन ऋतूंची तुलना.

आता माझी फजिती सांगते. मी कायटोसानची पातळ फिल्म केली होती, कोळंबीच्या सालांपासून मिळणारं तेच कायटोसान. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती पार जातो त्या आलेखात, ओळीने लाटा आल्या. मी त्यांना शोषणाची शिखरं समजले, प्रत्येकीला रासायनिक गट नेमून दिला आणि सेमिनारमध्ये ऐटीत मांडलं. मागच्या बाकावरून एका भौतिकशास्त्राच्या सरांनी विचारलं, ‘फिल्मची जाडी किती?’ मी मोजलीच नव्हती. फिल्मच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशाचं ते व्यतिकरण होतं, म्हणजे दोन लहरी एकमेकींत मिसळून कुठे वाढणं, कुठे घटणं. अपवर्तनांक १.५ धरला तर १० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये ६०० नॅनोमीटरच्या आसपास अशा लाटा साधारण १२ नॅनोमीटरच्या अंतराने येतात. म्हणजे ज्याला मी रसायन समजत होते, ती चक्क जाडी होती. आठवडाभर मान वर करवली नाही. तेव्हापासून मायक्रोमीटरने निदान पाच ठिकाणी जाडी घेतल्याशिवाय मी अपारदर्शकतेचा एकही आकडा लिहीत नाही.

‘मातीत पुरलेल्या फिल्मचं वजन आठवड्यात घटलं, म्हणजे विघटन झालं’ हे तुझं वाक्य खोड. आधी ग्लिसरॉल विरघळून मातीत जातं, त्यात जिवाणूंचं काय कर्तृत्व? ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने जंतू मारलेल्या) मातीत दुसरी फिल्म पुर आणि फरक बघ. तोही पुरावा अर्धाच, कारण खरं मोजमाप बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं. आयएसओ १७०८८ मानकात ‘कंपोस्टेबल’ म्हणवून घ्यायला १८० दिवसांत ९० टक्के कार्बन त्या रूपात जावा लागतो, आणि ती चाचणी ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये होते. आपल्या परसातल्या खड्ड्यात तेवढी ऊब टिकत नाही. पीएलए या वनस्पतिजन्य प्लास्टिकचे पेले तिथे तसेच पडून राहतात ते म्हणूनच. पिशवीवरचा ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द मला याच कारणाने फारसा आवडत नाही.

वहीच्या प्रत्येक पानावर वर तारखेशेजारी तापमान आणि आर्द्रता लिही, ओव्हनचा कोणता कप्पा होता तेही. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा ग्राफ नकोत, वही आण. आणि हो, डेसिकेटरमधल्या द्रावणाच्या तळाशी न विरघळलेले स्फटिक दिसत राहायला हवेत. संपले की आणखी टाक.

तुझी,
मॅडम