दादरचे दोन पिनकोड घे

अरे, मूळ अवयव पाडायला मोठी संख्या समोर आली की लगेच कॅल्क्युलेटर काढू नकोस. आधी हाताने झटापट कर. मी नवख्यांना दादरचे पिनकोडच देतो.

पश्चिमेचा 400028. शेवटचे 28 चारने भागले जातात, म्हणजे 4 × 100007. आता इथे खरी चिकाटी लागते. 100007 चं वर्गमूळ साधारण 316, त्यामुळे तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. 3, 7, 11, 13... एकही लागू पडत नाही. बहुतेक मुलं 50 च्या आसपास कंटाळून 'मूळ आहे' म्हणून मोकळी होतात. तू थांबू नकोस. पंचविसावी मूळ संख्या 97, आणि तिथे गाडी लागते: 97 × 1031. आता 1031 वेगळा तपासायची गरज नाही. का, ते तूच शोध. (97 चा वर्ग करून बघ.)

पूर्वेचा 400014 मात्र दिलदार: 2 × 3² × 71 × 313, एकूण 24 विभाजक. पश्चिमेला फक्त 12. शिवाय अंकांची बेरीज 9 आणि 9 ने भागही जातो, म्हणजे ही हर्षद संख्या. हे नाव दिलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणिती द. रा. कापरेकरांनी. पश्चिमेच्या अंकांची बेरीज 14, पण भागून बाकी उरते 6.

स्वतःला सोडून 400014 च्या विभाजकांची बेरीज येते 4,81,698, संख्येपेक्षा जास्त. पश्चिमेची तू काढ, आणि रविवारी वही घेऊन ये.