नॉर्मंडीत रणगाडे उतरवणारी एखादी नौका आज बघायला मिळते का?

हो, ‘एलसीटी ७०७४’ ही नौका (एलसीटी म्हणजे रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका) इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या डी-डे संग्रहालयाबाहेर उभी आहे आणि आत चढून बघता येते. डी-डे म्हणजे ६ जून १९४४, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस. संग्रहालयाच्या माहितीनुसार ४ एप्रिल १९४४ ला तिचं जलावतरण झालं आणि जूनमध्ये ती १० रणगाडे घेऊन नॉर्मंडीच्या ‘गोल्ड बीच’ या किनाऱ्यावर पोचली. पुढचा दरवाजा थेट वाळूवर पडायचा, रणगाडे त्यावरूनच खाली उतरायचे. युद्धानंतर लिव्हरपूलमध्ये तिचा चक्क नाइटक्लब झाला, पुढे ती बर्कनहेडच्या गोदीत बुडाली. २०१४ मध्ये तिला वर काढलं, हे फार मोलाचं काम झालं. डी-डेच्या ८०० हून अधिक एलसीटींपैकी हीच उरली आहे. मात्र हे फक्त एलसीटींबद्दल. त्याहून मोठ्या जातीची, रणगाडे वाहून नेणारी ‘एलएसटी ३२५’ ही नौका अमेरिकेत इव्हान्सव्हिलला अजून चालू स्थितीत आहे.