ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यात हॉटेल काढावं का?

तुम्ही विचारलंय की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आजोबांचा वाडा आहे, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात, किल्ल्यावर एवढी गर्दी दिसते, तर वाड्यात आठ-दहा खोल्यांचं हॉटेल चालेल का आणि अडचणी काय येतील. लष्करच्या मुख्य चौकापासून, महाराज बाड्यापासून, चालत दहा मिनिटांवर आमचं नऊ खोल्यांचं हॉटेल आहे. सासऱ्यांनी लॉज म्हणून सुरू केलं होतं, गेली अकरा वर्षं मी बघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही पाहिलेली गर्दी खरी आहे, पण त्यातले बहुतेक लोक रात्री ग्वाल्हेरात नसतात. दिल्लीहून चांगली गाडी धरली तर सकाळी निघून दुपारच्या आत इथे पोचता येतं, आग्रा तर सव्वाशे किलोमीटरच्या आत. लोक येतात, किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाच्या भिंतीवरची निळ्या फरश्यांतली बदकांची रांग बघतात, सहस्रबाहूची देवळं, तेली का मंदिर, मग जयविलास राजवाड्यातली झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. संध्याकाळी झाशीकडे, ओरछ्याला किंवा परत दिल्लीला. परदेशी पाहुणे आग्र्याहून खजुराहोला जाताना वाटेत उतरतात, त्यांचा ड्रायव्हर खालीच थांबलेला असतो. या सगळ्यांत तिकिटं खपतात, जेवण खपतं, पाण्याच्या बाटल्या खपतात, खोली खपत नाही. हॉटेल काढायचं तर पर्यटक मोजू नका, मुक्काम मोजा.

मग आमच्या खोल्या कोण भरतं? हायकोर्ट. 1956 साली मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, पण हायकोर्टाचं खंडपीठ, एजी ऑफिस म्हणजे महालेखाकारांचं कार्यालय, परिवहन आणि आबकारी आयुक्तांची कार्यालयं, राजस्व मंडळ हे सगळं ग्वाल्हेरकडे राहिलं. शिवपुरी, गुना, भिंडहून पक्षकार आदल्या रात्री येतात, कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपतात आणि सकाळी आठला वकिलाकडे जातात. दुसरे जयारोग्य हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्यांचे नातेवाईक. तिसरी परीक्षेला आलेली पोरं आणि त्यांचे वडील. यांना वाड्याच्या कोरीव महिरपीशी काही घेणं नाही. पहाटे पाचला बादलीभर गरम पाणी, स्वच्छ चादर आणि परवडेल असं भाडं एवढंच त्यांना हवं असतं. माझ्या मते ते अगदी रास्त आहे, आणि त्यांना कमी लेखून हॉटेल चालवता येणार नाही. किल्ल्यापेक्षा कोर्टाच्या तारखांनी आमचं घर जास्त चालवलंय.

पण त्यातही खाच आहे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पर्यटक येत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. लग्नाच्या वऱ्हाडाच्या चार-दोन रात्री सोडल्या तर त्या दिवसांत खोल्यांना कुलूप. वीजबिल व्यावसायिक दराने येतं आणि पगार द्यावेच लागतात. त्यात शहराचं पाणी तिघऱ्याच्या धरणातून येतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी नळाला एक दिवसाआड पाणी, मग टँकर. वर्षाचा हिशोब मांडताना हे दोन महिने तोट्याचेच धरा.

आता पैशाचं, कारण इथेच बाहेरून आलेला माणूस फसतो. ऑनलाइन बुकिंगवर दोन हजारांची खोली गेली, तर आम्हाला लागणारं कमिशन वीस टक्के, म्हणजे 400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 72. हातात 1,528. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाहुण्यासाठी ते चांगलंच झालं. पण 5 टक्क्यांत आपल्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. कमिशनवरचे ते 72 रुपये आणि गाद्या, एसी, टाइल्स यांवर भरलेला कर, सगळं आपल्याच खर्चात. तुमचा मोठा खर्च सुरुवातीलाच होणार आहे, तेव्हा सामान घेण्याआधी सीएबरोबर बसा.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी मेळ्याचे दिवस होते. 1905 पासून भरणारा हा आमचा व्यापार मेळा, तेव्हा बाहेरगावचे दुकानदार महिनाभरासाठी खोल्या धरतात. एका शनिवारी सगळ्या खोल्या भरल्या, म्हणून दुपारीच मी बुकिंग कंपनीच्या पॅनलवर खोल्या बंद केल्या. रात्री साडेदहाला नाशिकचं कुटुंब दारात, मुलगा, सून, लहान नात आणि सत्तरीच्या आजी. मुलाच्या हातात मोबाइल, त्यावर पैसे भरल्याचा मेसेज. आजींनी दोन शाली पांघरल्या होत्या, तरी कपबशी धरलेले हात थरथरत होते. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं नुसतं संगीत वाजत राहिलं. शेवटी त्यांना आमच्या झोपायच्या खोलीत झोपवलं आणि आम्ही बाहेर दिवाणखान्यात गाद्या घातल्या. सकाळी सगळ्यांनी पोहे खाल्ले, आजींनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार दिवसांनी मुलाने एक तारा दिला, ‘बुक केलेली खोली मिळाली नाही.’ त्याचं काही चुकलं नाही, त्याने पैसे खोलीचेच भरले होते. कंपनीकडून माफीचा ईमेल आला, तारा मात्र अजून तिथेच आहे, आणि नवा पाहुणा तोच आधी वाचतो. तेव्हापासून दोन खोल्या मी कधीच ऑनलाइन टाकत नाही.

माणसांची अडचणही आहे. भिंड-मुरैन्याची पोरं इथे वर्षभरात काम शिकतात आणि गुरुग्रामच्या मोठ्या हॉटेलात जातात. त्यांना अडवणार कसं, तिथे पगार जास्त आहे. म्हणून खोली आवरण्यापासून परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरण्यापर्यंत सगळं मालकाला स्वतःला यावं लागतं. पुण्यात बसून, नातेवाईकाच्या भरवशावर हे होणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. घरचं कोणी वाड्यात राहणार असेल तर चार खोल्यांचा होमस्टे म्हणून सुरुवात करा. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाकडे तशी नोंदणी होते.

चालतं काय, तेही सांगते. दुसरी रात्र. किल्ला आणि जयविलास एका दिवसात संपतात, म्हणून पाहुणा पहिला चहा घेत असतानाच मी मितावली-पडावली-बटेश्वरचं नाव काढते. मुरैना जिल्ह्यात, इथून चाळीसेक किलोमीटर. टेकडीवरचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर, आणि बटेश्वरला ढिगाऱ्यातून एकेक दगड लावून पुन्हा उभी केलेली देवळं. ओळखीचा टॅक्सीवाला, ठरलेलं भाडं, बरोबर डबा. निम्मे लोक तरी राहतात. मानमंदिराचा लाइट अँड साउंड शो संपल्यावर उरवाई दरवाज्यापाशी आमची रिक्षा उभी असते, कारण रात्री तिथून परतायला वाहन मिळत नाही आणि त्या भीतीनेच लोक संध्याकाळी शहर सोडतात. एवढ्या साध्या गोष्टीवर मुक्काम अडलेला असतो.

आणि गाणं. 2023 साली ग्वाल्हेरला युनेस्कोने संगीताचं शहर म्हटलं, 2024 च्या डिसेंबरात तानसेन समारोह शंभरावा झाला. समारोहाला पुण्या-नागपूरहून येणारे रसिक चार-चार रात्री राहतात, थंडीत पहाटेपर्यंत ऐकतात आणि दुपारी बाराला उठून गरम वरण-भात मागतात. गेल्या वेळी दादरचे एक काका तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचं पान डायरीत ठेवून घेऊन गेले. त्यांना 1918 साली सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय दाखवा, जीवाजीगंजातलं सरोद घर हे वाद्यांचं संग्रहालय दाखवा. असं शहर आपलं म्हणून दाखवणारं मराठी घर त्यांना हवं असतं, आणि तिथे तुमचा वाडा खरोखर उपयोगी पडेल. पण डिसेंबर वर्षातून एकदाच येतो, बाकीचे महिने कोर्टाच्या तारखांवरच चालवायचे आहेत.

राहिला वाडा. तुमचं छत बहुधा पटियांचंच, म्हणजे लांब दगडी फरश्यांचंच असेल, इकडच्या जुन्या घरांसारखं. प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम द्यायचं म्हणून प्लंबर त्या पटियांना भोक पाडतो, आणि वर्षभरात खालच्या चुन्याच्या भिंतीला ओल धरते. आमच्या दोन खोल्या अशाच गेल्या, भिंत पोपड्यांनी सुटली आणि तुळईचं लाकूडही कुजलं. बाथरूम मागच्या चौकात वेगळ्या नव्या भिंतीवर उभी करा, पाइप बाहेरून न्या. काही ठरवण्याआधी ऑगस्टमध्ये एकदा या, दोन मोठे पाऊस झाल्यावर छत कुठे-कुठे झिरपतं ते खडूने खुणा करून ठेवा, आणि मगच गवंड्याला बोलवा.