ज्युडिथच्या अंगावरचं कापड खरं होतं का?

प्रश्न: फ्लोरेन्सला गेलो तेव्हा चौकात दोनातेल्लो या जुन्या शिल्पकाराची ज्युडिथची मूर्ती बघितली, हातात तलवार आणि पायाशी होलोफर्नेस. गाईड म्हणाला तिचे कपडे खऱ्या कापडावरून ओतलेत. खरंच का हो? आणि ही मूर्ती ओरिजिनल आहे ना?

उत्तर: चौकातली कॉपी आहे, ओरिजिनल तिथेच पालाझ्झो वेक्कियो या जुन्या सरकारी वाड्याच्या आत आहे, पुढच्या वेळी तिकीट काढून आत जाच! गाईड बरोबर बोलला. दोनातेल्लोने खरं कापड मेणात बुडवून आकृतीवर चुण्या पाडून बसवलं आणि त्याचाच साचा करून ब्रॉन्झ ओतलं, म्हणून तिच्या कपाळावर ओढणीच्या कडेला कापडाची वीण अजून दिसते, मला तर तेच बघताना अंगावर काटा येतो. साधारण 1457 ते 1464 मधलं काम, 11 तुकड्यांत ओतून जोडलेलं, तेही म्हातारपणी. तिचा चेहरा बघा, राग नाही की आनंद नाही, नुसती आतल्या आत गेलेली नजर, आणि डाव्या मुठीत होलोफर्नेसचे केस घट्ट धरलेत. बायबलमधली ही विधवा आपलं गाव वाचवायला शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याच्या तंबूत जाऊन त्याचं मुंडकं उडवून आली होती. मूर्ती आधी फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या वाड्यात होती, 1494 ला लोकांनी त्यांना हाकललं आणि 1495 ला ती याच सरकारी वाड्यासमोर आणून ठेवली, खाली कोरलं की नागरिकांनी हे लोकहिताचं उदाहरण म्हणून बसवलंय. 1504 मध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा तिथे आला आणि हिला जागा सोडावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.