स्लाइड्स आणि निगेटिव्ह डिजिटल करायला स्कॅनर घ्यावा की घरचा कॅमेरा पुरेल?

तुमच्याकडे 600 स्लाइड्स, 35 मिमीच्या निगेटिव्हच्या पट्ट्या आणि बॉक्स कॅमेऱ्याच्या थोड्या मोठ्या कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. घरात 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर आहे आणि तुम्ही एप्सन व्ही600 घेण्याच्या विचारात आहात. मी म्हणेन, स्कॅनर राहू द्या, अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स घ्या आणि खालून लाइट पॅनलचा उजेड देऊन फिल्मचे फोटो कॅमेऱ्यानेच काढा.

व्ही600च्या खोक्यावर 6400 डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात हाती लागणारा तपशील दीड हजाराच्या आसपास. म्हणजे 35 मिमीच्या फ्रेममधून जेमतेम 3 मेगापिक्सेल. त्यात स्लाइड्स एका वेळी चारच बसतात, 600 साठी झाकण 150 वेळा उघडायचं! प्लस्टेक 8200आय हा फिल्म स्कॅनर याहून बराच सरस, पण त्यात फक्त 35 मिमी चालते; बॉक्स कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह बाहेरच राहतात. ऑनलाइन मिळणारे छोटे डबीसारखे स्कॅनर मात्र घेऊच नका. स्लाइडमधला गडद भाग त्यात काळा ठिक्कर पडतो.

क्रॉप सेन्सरवर 35 मिमीची फ्रेम पूर्ण भरायला साधारण 0.65 पट मोठेपणा लागतो, म्हणजे सेन्सरवर पडणारं चित्र फिल्मच्या 0.65 पट. जुनी निकॉन 55 मिमी मायक्रो ही मॅक्रो लेन्स एकटी 0.5 पटच जाते, सोबत लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी 27.5 मिमीची पीके-13 रिंग लागते. मुंबईत फोर्टात बोराबाजारात जुनी लेन्स बघायला गेलात तर मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, लेन्स परत द्या.

लाइट पॅनल सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 95 किंवा वरचं घ्या, नाहीतर रंग मागाहून जुळवताना जीव जातो. फिल्म पॅनलला चिकटवू नका, 3-4 सेंमी वर ठेवा, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. भोवतालचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका. मंद केल्यावर काही पॅनल लुकलुकतात आणि फोटोत पट्टे उमटतात, म्हणून उजेड पूर्ण ठेवून शटर 1/30 किंवा त्याहून संथ.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते कॅमेरा तिरका राहिल्याने: मधलं स्पष्ट, एक कोपरा मऊ. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की कॅमेरा समांतर. मग आयएसओ 100, एफ/8, रॉ, 2 सेकंदांचा टायमर. माउंटमध्ये स्लाइड थोडी फुगते, ती एफ/8 सांभाळून घेतं. पंखा बंद करा. घर रुळालगत असेल तर लोकल जाऊ द्या, मग क्लिक करा.

रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरमधल्या नेगाडॉक्टरने काढता येतो, ते फुकट आहे. एका रोलला एकच एक्स्पोजर ठेवा, म्हणजे एकदा जुळवलेले रंग रोलभर जवळपास तसेच लागू होतात.

स्कॅनर इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखून ती चित्रातून पुसतो, ती धूळसफाई कॅमेऱ्यात नाही, ही उणीव खरी. पण चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ती तशीही चालत नाही. चांदी इन्फ्रारेड अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.

हे काम पावसाळ्यात काढू नका, डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. धूळ ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकलंत तर थुंकीचे ठिपके पडतात. बुरशी दिसली तर ओलं फडकं अजिबात नको: बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच फडक्यावर येतं. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन आधी चकचकीत बाजू पुसा. मॅट बाजूला, म्हणजे जिथे चित्राचा थर असतो तिथे, हात लावायचाच तर एखादी फुकट गेलेली फ्रेम शोधून तिच्यावर करून बघा. काचेच्या माउंटमधल्या स्लाइड्स काच काढूनच घ्या, नाहीतर इंद्रधनुषी वर्तुळं येतात.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर त्या पट्ट्या लगेच वेगळ्या काढा. तो वास बाकीच्या फिल्मलाही नासवतो, आणि त्या पट्ट्या आणखी आकसल्या तर सपाट बसणार नाहीत. आधी त्याच उरका.