माहितीपत्रकात शिडाची होडी, घाटावर चार मजली जहाज

प्रश्न : मी सोलापूरची, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. यजमान आणि मी पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर ११ दिवस इजिप्तला जाऊन आलो. दोघांचे ४,६०,००० रुपये भरले. माहितीपत्रकात होतं ते असं : १६ जणांचा गट, सोबत पुरातत्त्वाचा अभ्यासक, एस्ना ते आस्वान पाच रात्री दहाबियातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, वाटेत अल-काब आणि गेबेल अल-सिलसिला. शिवाय लक्सरला राजांच्या खोऱ्यात पहिल्या सेतीची कबर आणि बलूनची फेरी. प्रत्यक्षात आम्ही ४४ जण होतो. लक्सरच्या घाटावर चार मजली क्रूझ उभी होती, तीही तीनच रात्री; उरलेल्या दोन कैरोच्या हॉटेलात काढल्या. गाइड सज्जन होता, पण अभ्यासक नव्हता. अल-काब आणि सिलसिला झालंच नाही. अलाबास्टर आणि पपायरसच्या दुकानांत मात्र तासन्‌तास गेले. सेतीच्या कबरीचं तिकीट 'हवं तर स्वतः काढा' म्हणाले. बलून वाऱ्यामुळे रद्द झाला. शेवटच्या दिवशी बसमध्ये अभिप्रायाचे फॉर्म वाटले, त्यावर मी 'उत्तम' लिहून सही करून बसले. आता कंपनी म्हणते, कार्यक्रम बदलायचा हक्क आम्ही राखून ठेवला होता, आम्ही फक्त एजंट आहोत, वाद असेल तर लवाद पुण्यात. पुढच्या सहलीसाठी २०,००० रुपयांचं कूपन देतायत, पण आधी 'आमची काही तक्रार उरलेली नाही' अशा पत्रावर सही हवी म्हणतायत. परत येऊन १४ महिने झाले. मुलगा म्हणतो पोलिसांत जा. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या पत्रावर सही करू नका. कूपन घेतलं आणि 'तक्रार उरली नाही' असं लिहून दिलं, की उद्या ग्राहक आयोगापुढे कंपनीचा वकील पहिला तोच कागद काढेल. मग ती सही दबावाखाली झाली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. कूपनला नकार लेखी कळवा. दोन ओळींची ईमेल पुरे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात आठ-दहा तक्रारी आहेत, पण खटला एकाच गोष्टीवर उभा राहील : होडी. दहाबिया आणि मोठी क्रूझ यांत फक्त आकाराचा फरक नाही. दहाबियात मोजक्या खोल्या असतात, ती शिडावर चालते, वारा पडला तर दुसरी छोटी बोट तिला ओढते. लहान असल्यामुळे ती कुठेही काठाला लागू शकते, आणि म्हणूनच अल-काब आणि गेबेल अल-सिलसिला तिच्या कार्यक्रमात असतात. अल-काब म्हणजे प्राचीन नेखेब. उत्तर इजिप्तवर राज्य करणाऱ्या हिक्सोस या परकीयांविरुद्ध लढलेल्या अहमोस नावाच्या योद्ध्याने आपल्या पराक्रमाची हकीकत तिथल्या थडग्याच्या भिंतीवर कोरून ठेवली आहे. सिलसिलाला नाईल अरुंद होते आणि दोन्ही तीरांवर वालुकाश्माच्या खाणी आहेत. लक्सरच्या आसपासच्या मोठ्या देवळांचे दगड तिथूनच गेले. मोठ्या क्रूझ ही दोन्ही ठिकाणं लांबून दाखवत पुढे निघून जातात. म्हणजे कंपनीने क्रूझ ठरवली त्याच क्षणी ही दोन्ही ठिकाणं तुमच्या हातून गेली होती. 'वेळेअभावी राहून गेलं' हा त्यांचा खुलासा त्यामुळे टिकत नाही.

तुम्ही पत्रात एक वाक्य लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं. वर्गात ३१ वर्षं तुम्ही सांगत होतात, की नाईल उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक वेळ दक्षिणेकडे वाहतो, म्हणून प्राचीन इजिप्शियन लिपीत 'दक्षिणेला जाणे' लिहिताना शीड उभारलेली होडी काढत आणि 'उत्तरेला जाणे' लिहिताना शीड उतरवलेली. ते शीड फुगलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. त्याऐवजी सकाळी पडदा सारला तर हातभर अंतरावर शेजारच्या जहाजाची खिडकी आणि डिझेलचा वास. घाटावर जहाजं एकमेकांना चिकटून उभी करतात, त्यामुळे असं होतंच. पण दहाबियाचे पैसे भरणाऱ्याने ते का सोसावं? हे वाक्य तक्रारीत जसंच्या तसं घाला. 'मानसिक त्रास झाला' असं ठोकळेबाज लिहिण्यापेक्षा यातून आयोगाला जास्त कळेल.

'कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क राखून' हे कलम जवळजवळ प्रत्येक टूर कंपनीच्या अटींत असतं आणि ते निरर्थक नाही. एस्नाच्या बंधाऱ्याचं जलद्वार बंद पडलं, विमान चुकलं, सरकारने एखादी कबर डागडुजीसाठी बंद केली, तर कंपनीला कार्यक्रम हलवता यायलाच हवा. पण हा हक्क अडचणीसाठी असतो. एक वस्तू दाखवून दुसरीच द्यायला तो वापरता येत नाही. तुमच्या बाबतीत अडचण कोणती आली, हे कंपनीने आजवर एकाही ईमेलमध्ये सांगितलेलं नाही.

आणि इथेच तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद येतो. विमानतळावर तुम्हाला हॉटेलांची आणि जहाजाची व्हाउचर दिली होती, त्यावर क्रूझचं नाव आहे, आणि व्हाउचर निघाल्याची तारीख सहलीच्या तीन आठवडे आधीची होती असं तुम्हाला आठवतंय. तसं असेल तर दहाबिया नाही हे कंपनीला तीन आठवडे माहीत होतं आणि तिने तुम्हाला कळवलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत, कलम २(११) मध्ये, महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हे स्पष्ट शब्दांत आलं आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात ते नव्हतं. आधी कळलं असतं तर तुम्ही सहल रद्द केली असती किंवा पैसे कमी करून मागितले असते. ती संधीच दिली नाही, हा तुमच्या तक्रारीचा कणा. सोबत कलम २(२८) खाली दिशाभूल करणारी जाहिरात आणि कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा, हेही मांडा. 'करारच अनुचित आहे' असं जाहीर करून मागू नका. तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

'आम्ही फक्त एजंट' या म्हणण्यात फारसा दम नाही. पैसे कोणाच्या खात्यात गेले, जीएसटीची पावती कोणाच्या नावाची, माहितीपत्रकावर नाव कोणाचं? ज्या इजिप्तमधल्या कंपनीचे ते एजंट म्हणवतात, तिचं नाव तुम्हाला लक्सरला बसवरच्या पाटीवर पहिल्यांदा दिसलं. भारतीय करार कायद्याच्या कलम २३० नुसार, एजंटाने मालकाचं नाव उघड केलं नसेल तर करार त्याच्यावर व्यक्तिशः बंधनकारक आहे असं गृहीत धरलं जातं. तेवढं पुरे आहे. परदेशातल्या कंपनीला सामनेवाला, म्हणजे तक्रारीतला प्रतिपक्ष, करायच्या फंदात पडू नका. नोटीस बजावण्यातच वर्ष जाईल.

लवादाचं कलम आणि 'पुण्यातच' ही अट, दोन्हींना घाबरू नका. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात ते पक्कं केलं आहे. आणि २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सोलापूर. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर मोजतात आणि ती ५० लाखांपर्यंत आहे. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने तुम्हाला तक्रारीची फीसुद्धा नाही.

अभिप्रायाच्या फॉर्मबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावून घेतलाय. तो फॉर्म कंपनी दाखवेल, हे खरं. पण विमानतळाच्या वाटेवर, गाइड टिपेच्या पाकिटांसह समोर उभा असताना, 'गाइडचं वागणं' या रकान्यात दिलेला शेरा म्हणजे होडी बदलल्याला दिलेली मान्यता नव्हे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की माणूस सज्जन होता. तक्रारीत हे लपवू नका, आधीच सांगून टाका. शिवाय घरी आल्यावर पाचव्या दिवशी तुम्ही कंपनीला सविस्तर ईमेल केली होती, ती फॉर्मपेक्षा जड ठरेल.

काही गोष्टी मात्र सोडून द्या. दुकानदार मागे लागले, घोडागाडीवाल्याने एडफूच्या देवळापाशी जादा पैसे मागितले, उन्हाचा त्रास झाला, हे तक्रारीतून काढा. गाइड कबरींच्या आत काहीच बोलला नाही, हेही काढा, कारण राजांच्या खोऱ्यात गाइडनी कबरीच्या आत व्याख्यान द्यायचं नाही असा तिथला नियमच आहे. माहिती बाहेर द्यायची असते. त्याने बाहेर काय सांगितलं आणि किती मिनिटं, तेवढंच लिहा. बलूनचं वेगळं आहे. वारा असला की उड्डाण थांबतं, त्यात कंपनीचा दोष नाही. पण फेरी सहलीच्या किमतीत धरलेली होती, तेव्हा त्या न झालेल्या फेरीचे पैसे परत यायला हवेत. सेतीच्या कबरीचंही तसंच. खोऱ्याच्या साध्या तिकिटावर तीन कबरी पाहता येतात. सेतीचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. माहितीपत्रकात कबरीचं नाव घेऊन तिकीट तुमच्या माथी मारणं हे सरळ त्रुटीत बसतं.

पुराव्याचं काम यजमानांवर सोपवा, कारण फोटो त्यांच्या फोनमध्ये आहेत. प्रत्येक फोटोला वेळ असते. तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंतच पाहा : कोम ओम्बोच्या देवळात शिरताना ६ वाजून ५२ मिनिटं, बाहेर पडताना ७ वाजून २० मिनिटं. सोबेक आणि होरस अशा दोन देवांचं ते जोडदेऊळ अभ्यासकासह पाहायचं ठरलं होतं, त्याला मिळाली २८ मिनिटं, तीही अंधार पडल्यावर. आणि अलाबास्टरच्या दुकानातला पहिला आणि शेवटचा फोटो यांत एक तास ४० मिनिटं. असा दिवसवार तक्ता एका कागदावर करा, डावीकडे माहितीपत्रकातलं वचन, उजवीकडे प्रत्यक्ष काय झालं. मूळ फोटो फोनमधून पुसू नका, फोन विकू नका. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसला तरी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं. नमुना त्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं सगळं बोलणं उतरवून घ्या. ४४ पैकी दोघा-तिघांची शपथपत्रं मिळाली तर उत्तमच.

किती मागायचं? पूर्ण ४,६०,००० मागा असं मी सांगणार नाही. विमान, हॉटेलं, व्हिसा, कर्नाकच्या देवळातले ते खांब, हे तुम्हाला मिळालं आहे, आणि सगळे पैसे परत मागणारी तक्रार आयोगाला अतिरेकी वाटते. तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात : त्याच कंपनीची, त्याच महिन्यातली, मोठ्या क्रूझची साधी सहल माणशी १,४८,००० रुपयांना होती. तुम्ही भरलेत माणशी २,३०,०००. तुम्हाला प्रत्यक्षात मिळाली ती जवळपास ही साधीच सहल. फरक माणशी ८२,०००, दोघांचे १,६४,०००. कंपनीच्याच दरपत्रकातून निघालेला हा आकडा खोडणं तिला अवघड जाईल. त्यावर बलून आणि कबरीचे पैसे, भरल्या दिवसापासून व्याज, मानसिक त्रासाची आणि तक्रारीच्या खर्चाची रक्कम. त्या दुसऱ्या सहलीचं माहितीपत्रक आजच शोधून ठेवा. पैसे भरताना कंपनीने घेतलेला टीसीएस, म्हणजे आयकरापोटी आगाऊ घेतलेली रक्कम, यात धरू नका. तो तुमच्या पॅनवर आयकर खात्याकडे जमा आहे आणि विवरणपत्र भरताना तुमच्याच नावाने वळता होतो.

मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात दहा महिने आहेत. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून मुदत वाढत नाही. यातच पुष्कळ लोक फसतात. रीतसर नोटीस पाठवा, १५ दिवस द्या, मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. वकील लागतोच असं नाही. तुम्ही शिकवलेलं आहे, मुद्देसूद लिहिता, स्वतः उभ्या राहू शकाल. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर जा. तिथे झालेली तडजोड नोंदली जाते. नुसतं कूपन घेऊन तसं होत नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला.

पोलिसांचं म्हणाल, तर मुलाचा राग मला समजतो. पण फसवणुकीच्या गुन्ह्यात पैसे घेतानाच बेइमानीचा हेतू होता हे दिसावं लागतं. सहल झालेली आहे, तिकिटं खरी होती. पोलीस 'दिवाणी वाद आहे' म्हणून परत पाठवतील आणि महिने मात्र जातील.

आज रात्री प्रवासाची ती बॅग पुन्हा उघडा. व्हाउचरं बहुधा पासपोर्टच्या कव्हरमध्ये किंवा जहाजाच्या खोलीच्या कार्डाबरोबर असतील. सापडलं की त्यावरची तारीख मला कळवा. नोटिशीचं पहिलं वाक्य त्या तारखेनेच सुरू करू.